वाचकांचे प्रश्न : बारा सागरी मैलांच्या आत आणि बाहेर

सागरी मासेमारीच्या नियमांविषयी प्रश्न मागवले होते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी ते पाठवले. बऱ्याच पत्रांचा सूर सारखाच आहे : कायदा आहे म्हणतात, मग आमच्या जाळ्यात मासळी का नाही? एका उत्तरात मावणारी ही गोष्ट नाही. म्हणून प्रश्न थोडक्यात देऊन, ज्या त्या प्रश्नाला करता येण्याजोगं काय आहे ते सांगितलं आहे. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची गिलनेटची (पाण्यात भिंतीसारखं उभं सोडायच्या जाळ्याची) लहान बोट आहे. रात्री बाहेरच्या बाजूला एलईडीचा पांढरा उजेड रोज दिसतो. तक्रार केली की ‘पुरावा द्या’ म्हणतात. एकदा बोट पकडली गेली तर ‘आम्ही राज्याच्या हद्दीबाहेर होतो’ असं सांगून मोकळे झाले. आम्ही करायचं काय? (बोटमालक, दापोली तालुका)

‘हद्दीबाहेर होतो’ हा बचाव एलईडीच्या बाबतीत चालतच नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत राज्याचा अधिकार. तिथे महाराष्ट्र सागरी मासेमारी विनियमन अधिनियम, १९८१ लागू होतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचा अधिकार, आणि केंद्रानेच १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने तिथे मासळीला उजेडाकडे ओढणारे एलईडी दिवे आणि बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं) दोन्ही बंद केलं आहे. त्या आदेशात दिवे लावून मासे पकडण्यावर बंदी आहे, तशीच बोटीवर दिव्यांची यंत्रणा बसवण्यावरही आहे. म्हणजे आतही बंदी, बाहेरही बंदी. हद्दीचा प्रश्न येतो तो कारवाई कोणी करायची एवढ्यापुरता.

दंडाचं गणित २०२१ च्या दुरुस्तीनंतर बदललं. आधी दंड सापडलेल्या मासळीच्या किमतीवर ठरायचा. मासळी समुद्रात टाकून दिली की दंडही बुडाला! आता एलईडीसाठी ५ लाख ते २० लाख रुपये आणि बेकायदा पर्ससीनसाठी (थव्याभोवती घेर टाकून खालून आवळायचं मोठं जाळं) १ लाख ते ६ लाख रुपये असा दंड आहे. निवाड्याचं काम तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याकडे दिलं आहे. त्यामुळे तुमची तक्रार ज्या कार्यालयात जाते, तिथेच तिचा निकाल लागतो. फायदा घ्यायचा तो इथे.

आता पुराव्याचं. उजेडाचा नुसता फोटो काही सिद्ध करत नाही. अंधारातला पांढरा ठिपका कुठल्याही बोटीचा असू शकतो. मोबाईलवर चित्रण करताना आधी आपल्या जीपीएसचा पडदा घ्या, अक्षांश-रेखांश आणि वेळ वाचता येईल इतका जवळून. तिथूनच, चित्रण न थांबवता, कॅमेरा उजेडाकडे न्या. मध्ये तोडलेलं चित्रण सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला पडतं. जनरेटर, दिव्यांच्या पट्ट्या, शेजारी उभी असलेली दुसरी बोट हे सगळं येऊ द्या. दिवे एका बोटीवर आणि जाळं दुसरीवर असं पुष्कळदा असतं, आणि मग दिव्याची बोट ‘आमच्याकडे जाळंच नाही’ म्हणते. नोंदणी क्रमांकावर ताडपत्री टाकलेली असेल तर तेही चित्रणात दिसलंच पाहिजे. शिवाय बोटीचा रंग, केबिनची ठेवण, किती सिलिंडरचं इंजिन वाटतं, उजेड विझवून ती कोणत्या दिशेला गेली, हे त्याच वेळी वहीत लिहून ठेवा.

जागा लिहिताना एक चूक फार होते. जीपीएसवर १७ अंश ४८.५०० मिनिटं दिसतात, आणि तक्रारीत लिहिलं जातं १७ अंश ४८ मिनिटं ५० सेकंद. हे दोन आकडे एक नाहीत. ४८.५०० मिनिटं म्हणजे ४८ मिनिटं ३० सेकंद. वीस सेकंदांचा फरक पडला की जागा एक तृतीयांश सागरी मैलाने, म्हणजे सहाशे मीटरच्या वर सरकते. हद्दीजवळच्या प्रकरणात एवढ्याने तक्रार निकालात निघते. पडद्यावर जसं दिसतं तसंच उतरवा, स्वतः रूपांतर करू नका.

दुसरं, ‘जेट्टीपासून अकरा मैलांवर’ असं लिहू नका. १२ मैल मोजले जातात ते अधिसूचित आधाररेषेपासून, म्हणजे सरकारने नकाशावर ठरवून दिलेल्या रेषेपासून, आपल्या बंदराच्या तोंडापासून नव्हे. आणि ती रेषा काही ठिकाणी किनाऱ्यापासून बरीच पुढे जाते. तुम्ही अक्षांश-रेखांश द्या, मैल मोजायचं काम खात्यावर सोडा.

समुद्रातून लगेच कळवायचं तर सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे क्रमांक आहेत. बंदरात परतल्यावर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या नावे लेखी तक्रार द्या. दोन प्रती करा, एकीवर पोच आणि तारखेचा शिक्का घ्या. तक्रार एकट्याने देण्यापेक्षा मच्छीमार सहकारी सोसायटीच्या पत्रावर, दोन-तीन बोटींच्या तांडेलांच्या सह्यांनिशी दिलेली बरी. एकाला दमदाटी करणं सोपं असतं. महिनाभरात काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात तीनच गोष्टी विचारा : त्या तारखेला गस्तीनौका कुठे होती, तक्रारीवर प्रतिवेदन (खात्याने निवाड्यासाठी मांडलेलं प्रकरण) दाखल झालं का, झालं असेल तर सुनावणी कधी. जानेवारी २०२५ पासून राज्यात ड्रोननेही पाहणी होते. त्या रात्रीच्या, त्या भागाच्या ड्रोन चित्रणाची प्रतही मागता येते.

प्रश्न : पर्ससीनला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आहे, असं इथले पर्ससीनवाले सांगतात. खरं काय? (मालवण)

जानेवारी २०२३ चा तो अंतरिम आदेश तामिळनाडूच्या प्रकरणातला आहे. त्यातही मोकळीक फार थोडी आहे : १२ सागरी मैलांच्या बाहेर, आठवड्यातून सोमवार आणि गुरुवार हे दोनच दिवस, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, तेही नोंदणी आणि माग काढणारी यंत्रणा बोटीवर असेल तर. महाराष्ट्राच्या पाण्यात ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेची चौकट आहे. पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ती आली. पर्ससीनच्या परवान्यांची संख्या कमी करत न्यायची आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवायचा, असं तिचं धोरण आहे. तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या समोर पर्ससीन पडलं असेल तर दिल्लीचा हवाला ऐकत बसू नका, महिना आणि जागा लिहून घ्या.

यात माझं मत स्पष्ट आहे. पर्ससीनचा घेर तारली-बांगड्याचा अख्खा थवा एका खेपेत उचलतो. त्याच थव्याच्या मागे फिरणारी सुरमई, त्याच थव्यावर जगणारा रापणकर (किनाऱ्यावरून रापण हे जाळं ओढणारा), दोघांच्याही वाट्याला काही उरत नाही. रापण किनारा सोडून मासळीच्या मागे जाऊ शकत नाही. ज्याला जागा बदलता येत नाही त्याच्यासाठी हद्द राखून ठेवणं हे १९८१ च्या कायद्याचं मूळ काम आहे.

प्रश्न : पापलेट दर वर्षी लहान होत चाललं आहे. सरकारने १३५ मिलिमीटरची मर्यादा घातली, पण जाळ्यात आलेलं लहान पापलेट तर मेलेलंच असतं. ते फेकून काय उपयोग? (सोसायटीचे सभासद, पालघर जिल्हा)

तुमचा आक्षेप रास्त आहे. किमान आकाराचा नियम बंदरावर तपासला जातो, पण पाळायचा असतो जाळं विणताना. वर आलेलं मेलेलं पिल्लू परत टाकून पापलेट वाढणार नाही. पिल्लू जाळ्यात शिरूच नये, किंवा शिरलं तर निसटावं, असं जाळं असेल तरच नियमाला अर्थ आहे.

२०२३ साली पापलेटला राज्यमासा म्हणून मान मिळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५४ जातींचे किमान आकार ठरले. पापलेट १३५, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७०० मिलिमीटर. हे आकडे बघताना ध्यानात ठेवा की पापलेट पहिल्यांदा अंडी धरतं ते १३५ मिलिमीटरच्या बरंच पुढे. म्हणजे नियमात बसणारं प्रत्येक पापलेट एकदा तरी अंडी घालून गेलं आहे, असं नाही. ही मर्यादा अगदी तळहाताएवढी पिल्लं तरी वाचावीत यासाठीची आहे. सोसायटीला मनापासून पापलेट राखायचं असेल तर तिला स्वतःची मर्यादा याहून वर न्यावी लागेल. सातपाटीसारख्या बंदरात पापलेट वजनाच्या प्रतींनुसार विकलं जातं, तिथे हे सहज जमण्यासारखं आहे. सर्वांत खालच्या प्रतीचा भाव सोसायटीने काढायचाच नाही. ज्या मालाला भाव नाही त्याच्यासाठी कोणी बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं लावत नाही.

पिल्लं येतात कुठून हेही बघायला हवं. पापलेटच्या गिलनेटची आस मोठी असते, पिल्लू तिच्यातून आरपार जातं. खरी पिल्लं मिळतात ती डोलीत आणि ट्रॉलमध्ये, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात कवीवर (समुद्रात खुंट रोवून ठरवलेल्या जागेवर) बांधलेली पिशवी. प्रवाह जे आणेल ते खोल्यात, म्हणजे पिशवीच्या बंद टोकात. तिचा खोला बोंबील, जवळा, करंदी धरण्यासाठी बारीक आसाचा ठेवावा लागतो आणि त्यातच एप्रिल-मेमध्ये पापलेटची पिल्लं अडकतात. हे बोलायला अवघड आहे, कारण डोलवालाही आपलाच, लहानच मच्छीमार आहे. पण पापलेटच्या पिल्लांचा दोष फक्त बाहेरच्या ट्रॉलरवर टाकून भागणार नाही. ज्या आठवड्यात डोलीत पिल्लं दिसायला लागतात, त्या आठवड्यापुरत्या त्या पट्ट्यातल्या डोली उचलून घ्यायच्या, असा ठराव शेजारच्या गावांनी मिळून केला तर तो कुठल्याही अधिसूचनेपेक्षा लवकर लागू होईल. एकट्या गावाने केला तर मात्र टिकणार नाही. तुमची कव रिकामी, शेजाऱ्याची भरलेली, असं चार दिवस कोण सहन करेल? कवींवरून वसई-उत्तन आणि डहाणू-पालघर यांच्यात जुना वाद आहे, तेव्हा पहिली बैठक दोन्हीकडच्या सोसायट्यांनी समोरासमोर बसूनच घ्यायला हवी.

प्रश्न : ट्रॉलच्या खोल्याला ४० मिलिमीटरची चौकोनी आस लावायला सांगतात. आमची जुनी जाळीही ४० चीच आहे. मग फरक काय? आणि कासवासाठी लोखंडी जाळी बसवली तर कोळंबी बाहेर जाते, हे खरं का? (ट्रॉलरमालक, रायगड)

फरक आसाच्या मापात नाही, ताणाखाली ती कशी राहते यात आहे. नेहमीची आस शंकरपाळ्याच्या आकाराची. जाळं ओढायला लागलं, खोल्यात माल भरला, की ती लांबट ताणली जाऊन जवळजवळ मिटते. कागदावर ४० असलेली आस पाण्यात फटीएवढी उरते. चौकोनी आसाच्या दोन बाजू ओढण्याच्या दिशेत असतात. ताण त्या घेतात आणि भोक उघडं राहतं. त्यातून ढोमा, मांदेली, लहान कोळंबी यांची पिल्लं जिवंत निसटतात. आज तीच पिल्लं कुटा (खाण्याऐवजी भुकटीला जाणारी बारीक मासळी) म्हणून कवडीमोलाने जातात आणि वर बर्फ, जागा नि खलाशांचा निवडण्याचा वेळ खातात.

माप घेताना आस ताणून, समोरासमोरच्या दोन गाठींच्या मधलं अंतर मोजतात. ४० ची चौकोनी आस म्हणजे तिची एक बाजू २० मिलिमीटर. दुकानात ‘वीसची’ म्हणून मिळाली तर एक बाजू वीसची का ताणलेली आस वीसची, ते विचारूनच घ्या, नाहीतर निम्म्या मापाची जाळी गळ्यात पडेल. साधीच जाळी पंचेचाळीस अंशांत फिरवून, बाजूला धरून कापून चौकोनी खोला करता येतो, पण गाठी सैल असतील तर दोन-चार फेऱ्यांत त्या सरकतात आणि चौकोनाचा पुन्हा शंकरपाळा होतो. बिनगाठीची विणलेली जाळी महाग पडली तरी टिकते. आणि खोला घासू नये म्हणून त्यावर बारीक आसाचं जे दुसरं आवरण चढवतात, त्याने सगळंच निष्फळ होतं. तपासणीत ते सापडलं तर बारीक आस लावल्यासारखंच धरलं जाईल.

कासव-सुटका साधन खोल्याच्या आधी, जाळ्याच्या नळीत बसतं. लंबगोल लोखंडी चौकट, तिच्यात साधारण १० सेंटिमीटर अंतरावर उभे गज, आणि वर किंवा खाली कासव बाहेर पडायला झडपेने झाकलेली वाट. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव आदळून वाटेने बाहेर. कोळंबी जाते ती बहुधा बसवण्यातल्या चुकीने. चौकट ३० ते ५५ अंशांत तिरकी हवी. फार आडवी झाली की माल गजांवरून घसरत वाटेकडे जातो, फार उभी केली की कचरा आणि जेलीफिश गजांवर साचून वाट तुंबते. पहिल्या काही फेऱ्यांत दोर ताणतात आणि कोन बदलतो, म्हणून तो पुन्हा मोजायलाच हवा. झडप सैल किंवा आखूड असली तरी माल निसटतो. काही जण मग झडप शिवूनच टाकतात. तसं केलं की चौकट फक्त तपासणीपुरती उरते. हे साधन न बसवल्यास दंड १ लाख ते ५ लाख रुपये आहे. पण त्याहून मोठं नुकसान झालेलंच आहे : कासवांच्या मुद्द्यावरून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं आहे. त्याचा फटका झडप शिवणाऱ्याला आणि न शिवणाऱ्याला सारखाच बसतो आहे.

प्रश्न : पावसाळी बंदीत लहान बोटींना सूट आहे ना? आमच्या होडीला मागे आऊटबोर्ड मशीन आहे. बंदीच्या काळात सरकार पैसे देतं ते कसे मिळवायचे? (श्रीवर्धन)

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. सूट आहे ती पारंपरिक पद्धतीने मासेमारी करणाऱ्या बिगरयांत्रिक होडीला, म्हणजे वल्ह्याच्या किंवा शिडाच्या. आऊटबोर्ड लावलं की सूट गेली. मशीन काढून ठेवून वल्हवत गेलात तर चालेल, पण मशीन होडीत आडवं ठेवून नेलंत तर वाद होणारच. बंदी मोडून गेलेल्या बोटीला अपघात झाला तर सरकारी नुकसानभरपाई मिळत नाही. जूनच्या दर्यात हा धोका पत्करण्यासारखा नाही.

बंदीच्या काळासाठी केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बचत-नि-मदत अशी तरतूद आहे. मच्छीमाराने हंगामात १,५०० रुपये भरायचे, केंद्र आणि राज्य मिळून ३,००० घालतात आणि ४,५०० रुपये तीन महिन्यांत परत येतात. महिन्याला दीड हजार. वय १८ ते ६० हवं, कुटुंब आर्थिकदृष्ट्या मागास आणि प्रत्यक्ष मासेमारी करणारं हवं. पैसे आधी भरायचे असल्यामुळे जूनमध्ये चौकशी करून काही हाती लागत नाही. दिवाळीच्या सुमारासच सोसायटीत जाऊन आपल्या जिल्ह्यात यंदा नावं घेताहेत का ते विचारा. ही रक्कम तुटपुंजी आहे, हे सरकारला वारंवार सांगायलाच हवं. दोन महिने चूल बंद ठेवायला सांगणाऱ्या धोरणाने एवढ्यावर समाधान मानू नये.

बंदी १५ मे ते १५ ऑगस्ट करावी, अशी किनाऱ्यावर जुनी मागणी आहे. पापलेटच्या पिल्लांचं वर लिहिलं आहे, ते पाहता निदान मेचा दुसरा पंधरवडा तरी बंदीत घ्यायला हवा असं मला वाटतं. मात्र त्याबरोबर मदतीचे दिवसही वाढले पाहिजेत.

प्रश्न : केंद्राने खोल समुद्रासाठी नवीन नियम आणले. आम्हाला पास काढावा लागेल का? (गिलनेटधारक, रत्नागिरी)

नोव्हेंबर २०२५ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे १२ ते २०० मैलांच्या पट्ट्यासाठी, नियम अधिसूचित झाले. यांत्रिक नौकांना आणि मोठ्या मोटार नौकांना तिथे जायला प्रवेश पास लागेल. तो बोटींच्या नोंदणीच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवर, फी न घेता मिळतो. पारंपरिक आणि लहान बोटींना त्याची गरज नाही.

अडचण आहे ती ‘यांत्रिक’ आणि ‘मोटार’ या भेदात. इंजिन फक्त बोट चालवायला असेल तर ती मोटार नौका. त्याच इंजिनाच्या जोरावर जाळंही ओढलं जात असेल तर ती यांत्रिक. गिलनेटच्या कित्येक बोटींवर आता जाळं ओढायचं यंत्र आहे, पण नोंदणी जुनी, यंत्र नसतानाची. काहींचं उलट : यंत्र नाही, पण नोंदणीत सरसकट ‘यांत्रिक’ लिहून ठेवलं आहे. तुमचं नोंदणी प्रमाणपत्र आजच काढून बघा. लांबी, इंजिनाची अश्वशक्ती, जाळ्याचा प्रकार, बोटीचा वर्ग या चार नोंदी प्रत्यक्षाशी जुळतात का ते तपासा. जुळत नसतील तर दुरुस्तीचा अर्ज आधी, पासाचा नंतर. चुकीच्या नोंदणीवर काढलेला पास पुढे विम्याच्या दाव्यात आडवा येईल.

या नियमांत सहकारी संस्थांना आणि मच्छीमार उत्पादक संघांना प्राधान्य ठेवलं आहे आणि परदेशी जहाजांना मज्जाव आहे. मोठी जहाजं समुद्रातच लहान बोटींकडून माल घेतील, अशीही सोय त्यात आहे. तिच्याकडे लक्ष ठेवा. माल समुद्रातच विकला गेला तर बंदरावरचा लिलाव, बर्फवाला, पाटी उचलणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका यांच्या हाती काय उरणार? प्राधान्य सोसायट्यांना असेल तर तो माल आपल्याच बंदरात उतरवायचा, हा ठराव सोसायटीनेच करून ठेवावा.

प्रश्न : मी मासे विकते, नवऱ्याची बोट नाही. किसान क्रेडिट कार्ड मला मिळेल म्हणतात, पण बँकेने बोटीचे कागद मागितले. (अलिबाग)

ताई, बँकेने नियमाबाहेरचं मागितलेलं नाही. सागरी मासेमारीसाठी हे कार्ड घ्यायचं तर स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली नोंदणीकृत बोट आणि परवाना लागतो. बचत गट आणि महिला गट पात्र यादीत आहेत, पण तिथेही बँक धंदा कोणता ते विचारते. त्यामुळे नुसत्या विक्रीसाठी हे दार बहुधा बंदच राहतं. धोरणाची ही मोठी उणीव आहे. माल बंदरातून ताटापर्यंत नेतात बायका, आणि मच्छीमाराच्या व्याख्येत त्या बसत नाहीत.

तुमच्यासाठी जवळचा रस्ता पीएम स्वनिधीचा, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या कर्जयोजनेचा आहे. नगरपालिकेकडून विक्रेत्याचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र घ्या. पहिलं कर्ज १५,००० रुपये, ते वेळेवर फेडलं की २५,००० आणि मग ५०,०००. प्रमाणपत्राचा दुसरा उपयोग कर्जाहून मोठा आहे : २०१४ च्या फेरीवाला कायद्याने तुमच्या बसण्याच्या जागेला त्याने आधार मिळतो. बाजार हलवायची नोटीस आली की हातात तो कागद असावा लागतो. शिवाय राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर ‘मासेविक्रेती’ म्हणून सामाईक सेवा केंद्रातून नोंद करून ठेवा. योजनांची नावं बदलत राहतात, पण आता अर्ज तिथूनच मागवायला सुरुवात झाली आहे.

प्रश्न : खलाशी बुडाला तर त्याच्या घरच्यांना काय मिळतं? तो सोसायटीचा सभासद नव्हता. (देवगड)

मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला २.५ लाख आणि रुग्णालयाच्या खर्चाला २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. हप्ता सरकार भरतं. पण यादीत नाव असायला हवं, आणि खलाशांची नावं तिथेच राहून जातात. मालकाने हंगाम सुरू होतानाच प्रत्येक खलाशाचं नाव, आधार, बँक खातं आणि वारसदार सोसायटीकडे द्यावेत. मध्येच खलाशी बदलला तर त्याच आठवड्यात बदल कळवावा. समुद्रात गेल्यावर मृतदेह न सापडल्यास पोलिसांतली बेपत्ता नोंद आणि त्या दिवशीच्या टोकनवरची (समुद्रात जाण्याच्या परवानगीच्या चिठ्ठीवरची) खलाशांची यादी हाच आधार असतो. टोकनवर पाच नावं आणि बोटीत सात माणसं असं कधीही होऊ देऊ नका.

प्रश्न : बंदर प्रकल्पाने आमची मासेमारीची जागा जाणार. भरपाईसाठी सातबारा मागतात. समुद्राचा सातबारा कुठून आणायचा? (डहाणू तालुका)

सातबारा नसला तरी हक्क सिद्ध होतो. उरणच्या मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ते दाखवून दिलं. २०१५ साली न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटींहून जास्त भरपाईचा आदेश दिला. तिथे जमिनीची मालकी नव्हती, होती ती बुडालेली उपजीविका.

डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. भराव पडला की जुनी कव कुठे होती हे दाखवता येत नाही, म्हणून कामाला लागायचं ते आत्ता. प्रत्येक कवीचे, डोलीच्या आणि वावरी जाळ्यांच्या जागांचे अक्षांश-रेखांश घेऊन सोसायटीने नकाशा करावा, आणि कोणत्या महिन्यात तिथे काय मिळतं ते त्याच्या शेजारी लिहावं. निदान पाच वर्षांच्या लिलावाच्या पावत्या, डिझेल करपरताव्याची देयकं, बर्फाची बिलं, परवान्यांच्या प्रती बोटीनुसार लावून ठेवाव्यात. परताव्याची देयकं विशेष उपयोगी पडतात, कारण बोट किती दिवस समुद्रात गेली ते सरकारच्याच कागदावरून दिसतं. मासळी वाळवण्याची मैदानं, जेट्टी आणि गावठाणाच्या हद्दी किनारा व्यवस्थापन आराखड्यात दाखवल्या आहेत का ते जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तपासा. राहिल्या असतील तर गटक्रमांकासह लेखी हरकत द्या. पायीच शिंपल्या, कालवं गोळा करणाऱ्या बायकांकडे यातला एकही कागद नसतो. त्यांच्यासाठी ग्रामसभेत नावानिशी यादी करून ठराव मंजूर करून घ्या आणि त्या खडकांचे, खाजणांचे फोटो तारखेसह जोडा. ही यादी सर्वेक्षणाचं पथक गावात येण्याआधी तयार हवी, कारण पथक ज्यांची नोंद करत नाही त्यांना पुढे प्रकल्पबाधित ठरवून घ्यायला वर्षं लागतात.